ब्रेकवरचा पाय

गेल्या महिन्यात खानदेशातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. गाव आणि नाव छापू नका, असं तिनं दोनदा बजावलं आहे. तिच्या वन्सं ५४ वर्षांच्या. यजमान गेल्यापासून त्या माहेरीच असतात. दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला, तो काही केल्या हटेना. मग एक्स-रे झाला, स्कॅन झाला, गाठीचा तुकडा काढून तपासला आणि फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी केमोबरोबर ‘इम्युनोथेरपी’ नावाचं इंजेक्शन सुचवलं. त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन तट पडले.

थोरले दीर म्हणाले, “इम्युनो म्हणजे प्रतिकारशक्तीच ना? ती तर गुळवेलीच्या काढ्यानंही वाढते. घरच्या घरी होणाऱ्या गोष्टीसाठी प्लॉट कशाला विकायचा?” तिचे यजमान म्हणाले, “प्लॉट काय, वेळ आली तर घर विकू. मोठं औषध आहे, ताई बरी होणार म्हणजे होणारच.” पत्राच्या शेवटी ती लिहिते, “ताई, माझं मत कुणी विचारत नाही. पण वन्संचं खाणंपिणं, औषधं, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडे आहे. हे इंजेक्शन म्हणजे नेमकं काय, ते निदान मला तरी समजावून सांगा.”

आता मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून दुपारच्या शाळेत मुलींना मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. पण एखादी गोष्ट समजत नसली की ती कुणी शोधली, कशी शोधली, हे आधी पाहायचं, ही इतिहासाच्या बाईंची सवय. म्हणून पंधरा दिवस हेच वाचत बसले. लिहून झाल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडून तपासूनही घेतलं. वाचता वाचता ज्या माणसाची ओळख झाली, त्याची गोष्ट सांगितली की आपल्या भगिनीच्या दिरांना आणि यजमानांना, दोघांनाही उत्तर मिळेल असं वाटतं.

ॲलिस गावचा मुलगा

अमेरिकेत टेक्सास राज्यात ॲलिस नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथं ७ ऑगस्ट १९४८ रोजी जेम्स ॲलिसन जन्मला. सगळे त्याला जिम म्हणतात. वडील गावचे डॉक्टर, तीन भावांत हा धाकटा. जिम दहा-अकरा वर्षांचा असताना त्याची आई गेली. तिला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. आईच्या मानेवर किरणोपचाराचे चट्टे त्याला दिसत, पण ते कशाचे हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

हे वाचलं आणि मला माझी आत्या आठवली. तिच्या वेळी आमच्या घरातही ‘तो आजार’ एवढंच म्हणत, तेही दार लावून. आम्हा मुलांना सगळं दिसत होतं आणि काहीच कळत नव्हतं. मुलांना असं अंधारात ठेवून त्यांची भीती कमी होत नाही, वाढते. असो.

जिमच्या नशिबी हे एकदाच आलं नाही. पुढं आईच्या भावांनाही कॅन्सरनंच गाठलं. २००५ साली त्याचा एक सख्खा भाऊ प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरनं गेला, आणि नंतर जिमला स्वतःलाही तोच आजार झाला. वेळीच कळल्यामुळं तो बरा झाला.

मुलगा हुशार होता, पण तितकाच हट्टी. गावच्या शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवायला तयार नव्हते. जिम म्हणाला, डार्विन वगळून जीवशास्त्र म्हणजे काय? मी त्या वर्गात बसणार नाही. अखेर त्यानं तो विषय विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमातून पुरा केला. आठवीच्या गणिताच्या शिक्षकांनी मात्र त्याला ओळखलं होतं. त्यांच्या प्रोत्साहनानं तो एका उन्हाळ्यात ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या विज्ञान शिबिराला गेला आणि विज्ञानाचाच झाला. सोळाव्या वर्षी त्याच विद्यापीठात दाखल झाला. १९६९ साली सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी मिळवली आणि १९७३ साली पीएच.डी. मी शिक्षिका आहे म्हणून म्हणते असं नाही, पण त्या गणिताच्या सरांचंही या कथेत देणं आहे.

किल्ली, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यांतच ‘टी पेशी’ नावाचा एक वर्ग आहे. हाडांच्या मगजात त्या जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. अंगभर फिरून परकं काय, आपलं काय, हे चाचपत राहायचं हे त्यांचं काम. विषाणू शिरलेली पेशी सापडली की त्या तिला मारून टाकतात. चाळीतल्या गुरख्यासारखं समजा. तो रोज जिन्याजिन्यानं फिरतो, ओळखीच्याला सोडतो, अनोळखी दिसला की हटकतो.

ॲलिसनला या टी पेशींचं विलक्षण कुतूहल होतं. त्या परक्याला ओळखतात तरी कशा? १९७७ पासून तो टेक्सासमधल्या स्मिथव्हिल इथल्या एका छोट्या संशोधन केंद्रात काम करत होता. हे केंद्र ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन या मोठ्या कॅन्सर संस्थेचं. तिथं १९८२ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टी पेशीच्या अंगावरचा तो ओळखणारा घटक, म्हणजे तिचं ‘ग्राहक प्रथिन’ शोधून काढलं. त्याच्या शोधात तेव्हा मोठमोठ्या प्रयोगशाळा होत्या. या लहान जागेतल्या तरुणानं बाजी मारली म्हटल्यावर लोकांच्या भुवया उंचावल्या. १९८५ साली तो कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात गेला.

पुढं लक्षात आलं की नुसतं ओळखून टी पेशी कामाला लागत नाही. ॲलिसन स्वतः हे समजावताना मोटारीचा दाखला देतो, तोच इथं घेते. ओळख पटणं म्हणजे किल्ली फिरवणं. इंजिन सुरू होतं, पण गाडी हलत नाही. त्यासाठी ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. टी पेशीवरचा हा ॲक्सिलरेटर म्हणजे सीडी-२८ नावाचं प्रथिन. ते हेच काम करतं, हे दाखवून देण्यात ॲलिसनच्या प्रयोगशाळेचा वाटा होता.

मग आलं तिसरं प्रथिन, सीटीएलए-४. ते १९८७ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना सापडलं होतं. ते दिसायला सीडी-२८ सारखंच, म्हणून काहींनी ठरवून टाकलं की हाही दुसरा ॲक्सिलरेटरच असणार. ॲलिसन आणि त्याचा विद्यार्थी मॅक्स क्रुमेल यांनी नीट तपासलं तर उलटंच निघालं. हा चक्क ब्रेक होता! १९९५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जेफ्री ब्लूस्टोन या दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेलाही स्वतंत्रपणे हेच दिसलं होतं.

शरीरानं असा ब्रेक ठेवलाच का? कारण गुरखा बेफाम सुटला तर घरच्याच माणसांना झोडपायला कमी करणार नाही. हा ब्रेक मुळातच नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले, तेव्हा ते जन्मल्यापासून तीन-चार आठवड्यांतच मेले. त्यांच्याच पांढऱ्या पेशी त्यांच्या अवयवांत घुसल्या होत्या. मैत्रिणींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तिची गरज पडणार आहे.

नाताळच्या सुटीतले उंदीर

ब्रेक सापडला, तेव्हा इतरांना वाटलं की तो दाबायचं औषध करावं. म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांत उपयोग होईल. ॲलिसनच्या मनात वेगळंच होतं. कॅन्सरची गाठ वाढते तेव्हा टी पेशी तिथं जातातही, पण काही करत नाहीत. त्यांचा ब्रेक दाबलेला असेल तर? काही काळ तो झाकून ठेवला तर?

१९९४ च्या अखेरीस त्याच्या प्रयोगशाळेतल्या डेना लीच या सहकाऱ्यानं कॅन्सर झालेल्या उंदरांना हा ब्रेक झाकणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी टोचून पाहिली. त्यांच्या गाठी नाहीशा झाल्या. अँटीबॉडी न दिलेल्या उंदरांच्या वाढत गेल्या. इतका साफ निकाल ॲलिसननं कधी पाहिला नव्हता आणि म्हणूनच त्याचा विश्वास बसेना. पुन्हा करू, म्हणाला. पण नाताळची सुटी आली होती आणि लीचचं बाहेरगावी जायचं ठरलेलं होतं. तेव्हा ॲलिसननं स्वतःच सुटीत येऊन गाठी मोजायचं ठरवलं. कुठल्या पिंजऱ्याला औषध आणि कुठल्याला नाही, हे त्याच्यापासून मुद्दाम लपवलेलं, म्हणजे मनाचा कल मापात उतरायला नको.

पहिले काही दिवस सगळ्याच गाठी वाढत होत्या. गडी खट्टू झाला. मग काही पिंजऱ्यांतल्या गाठींची वाढ थांबली, त्या आक्रसू लागल्या आणि चक्क गेल्या. बाकीच्यांच्या वाढतच राहिल्या. यादी उघडली तेव्हा बऱ्या झालेल्यांना अँटीबॉडी मिळालेली होती. १९९६ साली हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यात गाठीला मारणारं काही दिलंच नव्हतं, हे लक्षात घ्या. केमो गाठीच्या पेशींना मारते, किरणं त्यांना जाळतात. इथं गाठीला हात न लावता टी पेशींच्या ब्रेकवरचा पाय तेवढा काढला. पुढचं काम त्यांनीच केलं.

औषध होईपर्यंत

तुम्ही म्हणाल, मग लगेच औषध निघालं असेल. छे! ॲलिसन कंपन्यांचे उंबरठे झिजवत होता आणि सगळीकडून नकार येत होता. त्यालाही कारण होतं. प्रतिकारशक्तीनं कॅन्सर बरा करायची भाषा फार जुनी. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे सर्जन १८९१ पासून रोग्यांना जंतू आणि पुढं मारलेले जंतू टोचून पाहत होते. काही रोगी बरेही झाले, पण का ते सांगता येईना, आणि किरणोपचार आल्यावर लोक ते विसरले. त्यानंतरही प्रतिकारशक्तीला ‘चेतवण्याचे’ कितीतरी प्रयोग झाले आणि बहुतेक फसले. तोंड पोळलेल्या कंपन्या आता ताकही फुंकून पीत होत्या.

कोलींवरून आठवलं. त्यांची मुलगी हेलन कोली नॉट्स ही वैद्यकाचं शिक्षण नसलेली एक संसारी बाई. वडिलांच्या मृत्यूनंतर तिनं त्यांचे जुने कागद काढले, एकेका रोग्याची नोंद जुळवली, डॉक्टरांनी हसून वाटेला लावलं तरी सोडलं नाही. १९५३ साली तिनं या विषयावरच्या संशोधनासाठी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था उभी केली. ती संस्था आजही काम करते आणि पुढं तिच्या शास्त्रीय सल्लागार मंडळाचं प्रमुखपद याच ॲलिसननं सांभाळलं. आपल्याला काय कळतंय त्यातलं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकीनं या बाईंची आठवण ठेवावी.

शेवटी न्यू जर्सीतल्या मेडारेक्स या लहान कंपनीनं ॲलिसनचा हात धरला आणि माणसाला चालेल अशी अँटीबॉडी तयार केली. तिचं नाव इपिलिमुमॅब. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. २००४ साली ॲलिसन बर्कली सोडून न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाच्या संस्थेत गेला. कारण एवढंच की औषध रोग्यांपर्यंत पोचेपर्यंत त्याच्या मागं उभं राहायचं होतं.

अडचणी संपत नव्हत्या. केमोचा गुण येतोय की नाही, हे काही आठवड्यांत गाठ लहान झाली का यावरून ठरवत. इथं काही रोग्यांना बरं वाटायचं, पण स्कॅनमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी दिसायची, कारण टी पेशींनीच तिथं गर्दी केलेली असे. महिन्यांनी ती आक्रसायची. जुन्या फूटपट्टीनं मोजलं तर औषध नापास होत होतं. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं याच जातीच्या आपल्या औषधाची चाचणी २००८ साली थांबवलीसुद्धा. मेडारेक्स आणि तिच्या सोबतच्या कंपनीनं मात्र ठरवलं, गाठ मोजायची नाही, माणूस किती जगतो ते मोजायचं. त्याला वेळ लागला.

२०१० साली निकाल आला. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा अत्यंत जहाल कॅन्सर शरीरभर पसरलेल्या ६७६ रोग्यांवर ही चाचणी झाली होती. ज्यांना हे औषध मिळालं त्यांचं मध्यमान आयुष्य सुमारे १० महिने निघालं आणि न मिळालेल्यांचं साडेसहा महिन्यांच्या आत. वाचताना मला वाटलं, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण खरी गोष्ट पुढं दिसली. औषध घेतलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण तीन वर्षांनंतरही जिवंत होता आणि जे तिथवर पोचले त्यांच्यातले बरेचसे दहा वर्षंही टिकले. या आजारात असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं औषधाला परवानगी दिली. किंमत मात्र चार इंजेक्शनांना १ लाख २० हजार डॉलर!

चाचणीतल्या रोग्यांत एक अगदी तरुण मुलगी होती. लग्नाच्या तोंडावर आजार कळलेला, सगळे उपाय हरलेले. या औषधानं ती बरी झाली. तिच्या डॉक्टरांनी ॲलिसनला बोलावून घेतलं आणि तिची भेट करून दिली. आयुष्यभर उंदीर आणि पेशी पाहिलेल्या या माणसाला आपल्या औषधानं बरं झालेलं माणूस असं समोर भेटलं, तेव्हा दोघंही रडले. पुढं तिला मुलं झाली आणि त्यांचे फोटो तिनं त्याला पाठवले.

जपानचे होन्जो आणि नोबेल

असाच दुसरा एक ब्रेक जपानमध्ये क्योटोच्या विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेनं १९९२ साली शोधला होता. त्याचं नाव पीडी-१. त्याला झाकणारी निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं २०१४ साली बाजारात आली. ती फुफ्फुस, मूत्रपिंड, तोंड-घसा अशा पुष्कळ कॅन्सरांत चालू लागली, आणि त्रासही तुलनेनं कमी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ साली मेंदूत पोचला होता. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांबरोबर त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं. ते पुढं नऊ वर्षं जगले आणि वयाची शंभरी पुरी करून २०२४ च्या डिसेंबरात गेले. पसरलेल्या मेलानोमात दोन्ही ब्रेक एकदम झाकले तर दहा वर्षांनीही १०० तले ४३ जण हयात होते, असं २०२४ साली प्रसिद्ध झालं.

१ ऑक्टोबर २०१८ रोजी ॲलिसन आणि होन्जो यांना वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं. ॲलिसन न्यूयॉर्कच्या हॉटेलात झोपला होता. पहाटे मुलाचा फोन आला तेव्हा त्याला कळलं. हा पांढऱ्या केसांचा माणूस माउथ ऑर्गन झकास वाजवतो. संशोधक आणि डॉक्टर मंडळींचा त्यांचा एक वाद्यवृंदच आहे. विली नेल्सन या तिकडच्या नामांकित गायकालाही त्यानं साथ केली आहे.

२०१२ पासून तो पुन्हा ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये आहे. तिथल्या डॉ. पद्मनी शर्मा यांच्याशी त्यानं २०१४ साली लग्न केलं. या बाई गयाना देशात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. त्या स्वतः कॅन्सरतज्ज्ञ आहेत. औषध दिलेल्या रोग्यांच्या गाठींचे तुकडे आधी आणि नंतर तपासून, औषध कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे त्या शोधतात. तेच आज सर्वांत मोठं कोडं आहे.

दिरांना उत्तर, यजमानांना उत्तर

आता आपल्या भगिनीच्या घरी येऊ. दिरांना सांगावं, भाऊजी, हे औषध प्रतिकारशक्ती ‘वाढवत’ नाही. ते एक ठरावीक ब्रेक झाकतं. ब्रेक दाबलेला असताना नुसता ॲक्सिलरेटर तुडवून गाडी जात नाही, आणि काढ्यानं हा ब्रेक सुटतो असं कुणी दाखवलेलं नाही. उलट २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. त्या वादात आपण पडायला नको. पण या इंजेक्शनानंही यकृताला सूज येऊ शकते. काढा चालू असला तर ती कशानं आली हे डॉक्टरांना कसं कळणार? म्हणून घरचं काहीही द्यायचं असेल तर आधी त्यांना विचारूनच.

यजमानांना सांगावं, हे औषध मोठं आहे पण सगळ्यांना लागू पडत नाही. पुष्कळांना गुण येत नाही. म्हणून विकण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा : वन्संच्या गाठीच्या तुकड्यावर या औषधासाठीची तपासणी केली का? काय निघालं? आजार बरा होण्यासाठी देताय की लांबवण्यासाठी? किती इंजेक्शनं, एकूण खर्च किती, आणि गुण येत नाही हे कधी ठरवणार? रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातही जाऊन या. मदतीच्या योजना आणि कंपन्यांच्या सवलती तिथं कळतात.

खर्चाच्या बाबतीत आपल्याच मुंबईतलं एक काम सांगण्यासारखं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १५१ रोग्यांवर चाचणी केली. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा न देता फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे दहाव्या हिश्शाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी इतर स्वस्त गोळ्यांच्या जोडीनं दिली. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षअखेर १०० पैकी १६ जिवंत होते, मात्रेची जोड मिळालेल्यांत ४३. हे २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. ही चाचणी तोंड-घशाच्या कॅन्सरची होती, फुफ्फुसाची नव्हे. तेव्हा आपल्या मनानं मात्रा ठरवायची नाही. पण ‘कमी मात्रेचा विचार आमच्यासाठी होऊ शकतो का?’ एवढं विचारायला काय हरकत आहे?

आणि तिच्यासाठी

आता सर्वांत महत्त्वाचं, जिनं पत्र लिहिलं तिच्यासाठी. ब्रेक नसलेल्या त्या उंदरांची आठवण ठेवा म्हटलं होतं ना? ब्रेक झाकला की गुरखा कधी कधी घरच्यांवरही उठतो. या इंजेक्शनाचे त्रास केमोसारखे नसतात, म्हणून ते ओळखता आले पाहिजेत. आणि ते रुग्णालयात नाही, घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सुरू होतात.

जुलाब : आपण काय करतो? साबुदाण्याची पेज, ताक, जायफळ उगाळून आणि दोन दिवस वाट पाहतो. इथं वाट पाहायची नाही. ते आतड्याच्या सुजेमुळं असू शकतात आणि दुर्लक्ष झालं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत जातं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. वाढलेला खोकला किंवा दम : ‘आहेच तो आजाराचा’ असं धरून चालू नका. फुफ्फुसाला सूज असू शकते. डोळे किंवा लघवी पिवळी, अंगभर पुरळ, न थांबणारी डोकेदुखी, अंथरुणातून उठवणार नाही इतका थकवा : हे सगळं कळवायचं. यातलं बहुतेक वेळीच स्टिरॉइड देऊन आवरता येतं. थायरॉइडचं काम मंदावलं तर रोजची एक गोळी लागते.

हे त्रास इंजेक्शनं संपल्यावर महिन्यांनीही येऊ शकतात. तेव्हा एका कागदावर औषधाचं नाव, दिलेल्या तारखा आणि डॉक्टरांचा फोन लिहून वन्संच्या पिशवीत ठेवा. रात्री-अपरात्री गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडं जावं लागलं, तर पहिलं वाक्य ‘यांना इम्युनोथेरपी चालू आहे’ हेच. शिवाय एक वही करा. रोजचे शौच, ताप, खोकला, खाणं दोन ओळींत टिपा. घरातलं मत कुणी विचारो न विचारो, पुढच्या खेपेला डॉक्टर ती वही मात्र नक्की मागतील.

आणि वन्संना आजाराचं नाव सांगितलंय का, हे पत्रात नाही. सांगितलं नसेल तर डॉक्टरांच्या मदतीनं सांगा. स्वतःला काय होतंय हे त्यांनाच आधी कळतं. जुलाब ‘उगाच कशाला सांगू’ म्हणून त्या लपवतील, तर वेळ निघून जाईल. घरात मुलं असतील तर त्यांनाही त्यांच्या वयाला पेलेल एवढं सांगा. ॲलिस गावचा तो मुलगा आईच्या मानेवरचे चट्टे नुसता बघत बसला होता, कारण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पत्राचं उत्तर वेगळंही पाठवलं आहे. वन्संची तब्येत कशी आहे, ते जरूर कळवा. वाट पाहते.